एलएलव्हीएमचा विस्तार: मेटाडेटा, ॲट्रिब्यूट की इंट्रिन्सिक?

एलएलव्हीएम ही कम्पायलर बांधण्याची चौकट आहे. सी आणि सी++ साठीचा क्लँग, तसेच रस्ट, स्विफ्ट आणि ज्युलिया या भाषांचे कम्पायलर मूळ प्रोग्राम वाचून तो आयआर नावाच्या मधल्या भाषेत उतरवतात. या आयआरवर एकामागून एक पास चालतात, प्रत्येक पास आपापल्या परीने कोड सुधारतो आणि शेवटी ठरलेल्या प्रोसेसरसाठी मशीन कोड तयार होतो. २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक, आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी विक्रम आडवे यांनी हे काम सुरू केले. पहिली सार्वजनिक आवृत्ती २००३ मध्ये आली. तेव्हापासून आयआरमध्ये सतत भर पडत आली आहे. भर घालणाऱ्यांत नवी चिप बनवणारे आहेत, नवी भाषा रचणारे आहेत आणि सुरक्षेवर संशोधन करणारे विद्यार्थीही आहेत.

आयआर तयार करणाऱ्याला काहीतरी ठाऊक असते, पण ते पुढच्या पासला सांगायला आयआरमध्ये जागा सापडत नाही. विस्ताराची गरज तिथे निर्माण होते. हा लूप जास्तीत जास्त १६ फेऱ्या घेतो. या फंक्शनमधून बाहेर पडताना वापरलेली रजिस्टरे पुसायची आहेत. या ठिकाणी चिपमधली अमुक सूचना वापरायची आहे. तिन्ही गोष्टी कम्पायलरला सांगायच्याच आहेत, पण तिघींची जात वेगळी आहे आणि जागाही.

जागा ठरवताना एक प्रश्न पुरतो: ही माहिती वाटेत हरवली तर काय बिघडेल? कोड थोडा मंद होईल पण बरोबर राहील, असे उत्तर असेल तर जागा मेटाडेटाची. फंक्शनने, त्याच्या पॅरामीटरने किंवा परत येणाऱ्या मूल्याने पाळायची अट मोडेल, असे उत्तर असेल तर ॲट्रिब्यूट. प्रत्यक्ष कामच होणार नाही, असे असेल तर इंट्रिन्सिक. नवी सूचना आणि नवा टाइप हे पर्याय त्याच्याही पुढे, आणि तिथवर जाण्याची वेळ क्वचित येते. लूपच्या फेऱ्या मेटाडेटात जातात, रजिस्टरे पुसण्याची मागणी ॲट्रिब्यूटमध्ये, चिपची सूचना इंट्रिन्सिकमध्ये. या क्रमाने पुढे जावे तसा खर्च वाढतो. म्हणून काम भागेल अशा सर्वांत हलक्या जागेपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

मेटाडेटा

मेटाडेटा म्हणजे एखाद्या सूचनेला, फंक्शनला किंवा ग्लोबल व्हेरिएबलला जोडलेली नोंद. मजकुराच्या रूपातल्या आयआरमध्ये ती उद्गारचिन्हाने सुरू होते. रचना साधी आहे: एक नोड, त्यात स्ट्रिंग, स्थिरांक किंवा दुसरे नोड. २०१५ च्या ३.६ आवृत्तीपासून मेटाडेटा ‘व्हॅल्यू’ या क्लासच्या कुळातून बाहेर काढलेला आहे. त्यामुळे नोडमध्ये संख्या ठेवायची असेल तर ती आधी ‘कॉन्स्टंटॲजमेटाडेटा’मध्ये गुंडाळावी लागते. त्याआधीची उदाहरणे समोर ठेवून लिहिलेला कोड आज कम्पाइल होत नाही, त्याचे हे एक नेहमीचे कारण.

नवा प्रकार सुरू करायला एलएलव्हीएमच्या एकाही फाइलला हात लावावा लागत नाही. ‘एलएलव्हीएमकॉन्टेक्स्ट’कडे नाव देऊन ‘गेटएमडीकाइंडआयडी’ने क्रमांक मागावा आणि ‘सेटमेटाडेटा’ने नोड जोडावा, एवढे पुरते. प्रकार कायमचा होणार असेल, आणि चौकटीतल्या पासना तो स्विच-केसमध्ये ओळखायचा असेल, तरच ‘फिक्स्डमेटाडेटाकाइंड्स.डीईएफ’ या फाइलमध्ये त्याची ओळ घालावी. तिथे ‘डीबीजी’ला ०, ‘टीबीएए’ला १, ‘प्रॉफ’ला २ असे क्रमांक ठरलेले आहेत. नवी ओळ नेहमी शेवटी घालायची. मध्ये घुसवायची नाही.

मेटाडेटाचा करार एकाच वाक्याचा आहे: कोणताही पास तो केव्हाही टाकून देऊ शकतो आणि तरीही प्रोग्राम बरोबरच राहिला पाहिजे. हे वाक्य सगळ्यांनी वाचलेले असते, तरी त्यावर पाणी सोडलेले कोड दिसतात. सुरक्षेच्या प्रकल्पात ‘हे मूल्य गुप्त आहे’ अशी खूण मेटाडेटाने केली जाते. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळे छान चालते. ‘ओ-२’ लावले की दोन सूचना एक होतात, एखादी सूचना नव्याने बांधली जाते आणि खूण नाहीशी होते. इथे पासची चूक नसते. खुणेची जागाच चुकलेली असते.

मेटाडेटा हरवणे त्रासदायक असले तरी शिळा मेटाडेटा टिकून राहणे त्याहून घातक असते. समजा, एका लोड सूचनेवर ‘रेंज’ आहे, ० ते २ अशी. वरची मर्यादा वगळायची असते, म्हणून वाचलेले मूल्य ० किंवा १ च असणार. बूलियन मूल्य वाचताना फ्रंटएंड हीच नोंद घालतो. दुसऱ्या लोडवर ५ ते ९ अशी रेंज आहे आणि एखाद्या पासने दोन्ही लोड मिळून एक केले. पहिल्याचीच नोंद ठेवली तर पुढचे पास खोट्या माहितीवर निर्णय घेतील. ‘लोकल.सीपीपी’मधले ‘कम्बाइनमेटाडेटा’ हे फंक्शन याच गोष्टीची काळजी घेते. ‘रेंज’साठी दोन्ही मर्यादांना सामावून घेणारी रेंज काढली जाते, काही प्रकार दोन्हीकडे असले तरच ठेवले जातात, आणि ओळखीचा नसलेला प्रकार सरळ काढून टाकला जातो. म्हणून नवा प्रकार कायमचा करणाऱ्याने या फंक्शनमध्ये आपली केस लिहिणे हे कामाचा अर्धा भाग समजावे. ती लिहिली नाही तर नोंद सुरक्षितपणे हरवेल. चुकीची लिहिली तर कोड चुकेल.

सूचना वर सरकवतानाही असाच पेच येतो. ‘इफ’च्या आत असलेली लोड सूचना ‘इफ’च्या आधी नेली तर आतल्या अटीमुळे खरी असलेली नोंद बाहेर खरी राहीलच असे नाही. ‘रेंज’ आणि ‘नॉननल’ मोडले तर परिणामी ‘पॉयझन’ म्हणजे निरर्थक मूल्य येते, आणि ते मूल्य कोणी वापरले नाही तर अनर्थ होत नाही. ‘नोअनडेफ’ मोडले तर मात्र तत्क्षणी अनिर्धारित वर्तन घडते. त्यामुळे सूचना सरकवणारा पास ‘नोअनडेफ’ काढून टाकतो आणि ‘रेंज’ ठेवू शकतो. नव्या प्रकाराचे वर्णन लिहिताना या दोहोंपैकी आपला प्रकार कुठे बसतो ते पहिल्याच परिच्छेदात लिहावे. ते लिहिले नसेल तर प्रत्येक पासचा लेखक आपापला अर्थ लावेल, आणि दोन पासचे अर्थ जुळणार नाहीत.

लूपचा मेटाडेटा जरा वेगळा असतो. लूप ही आयआरमधली स्वतंत्र वस्तू नाही, म्हणून नोंद लूपच्या मागे वळणाऱ्या ब्रँच सूचनेवर टांगली जाते. तिचा पहिला घटक ती स्वतःच असतो, शिवाय नोड ‘डिस्टिंक्ट’ ठेवतात. कारण सारख्या मजकुराचे साधे नोड एकच मानले जातात, आणि दोन वेगळ्या लूपची ओळख एक होऊन चालणार नाही. त्यात ‘अनरोल बंद’, ‘व्हेक्टरची रुंदी ८’ अशा नोंदी ओळीने येतात. लूप उलगडणाऱ्या किंवा दुभागणाऱ्या पासने नव्या लूपवर कोणती नोंद न्यायची हेही ठरवावे लागते. नाहीतर एकदा उलगडलेला लूप पुन्हा उलगडण्याची मागणी तशीच शिल्लक राहते.

संपूर्ण मॉड्यूलविषयी काही सांगायचे असेल तर ‘मॉड्यूल फ्लॅग’ वापरावा. एका सूचनेपुरत्या मेटाडेटाहून तो टिकाऊ आहे. दोन मॉड्यूल लिंक होताना फ्लॅग जुळले नाहीत तर काय करायचे हे त्यातच लिहिलेले असते: चूक दाखवा, फक्त इशारा द्या, मोठा आकडा घ्या, लहान घ्या, दोन्ही जोडा, वगैरे. वागणुकीचे हे आकडे आयत्या वेळी अंदाजाने भरू नयेत. ‘चूक दाखवा’ ऐवजी ‘इशारा द्या’ निवडले, तर दोन विसंगत एबीआयच्या फाइल मुकाट एकत्र येतात.

ॲट्रिब्यूट

फंक्शन, पॅरामीटर आणि परत येणारे मूल्य या तीन ठिकाणी ॲट्रिब्यूट लागतो. शिवाय तो फंक्शनच्या घोषणेवर असतो तसाच प्रत्येक कॉलच्या जागीही स्वतंत्रपणे असू शकतो. म्हणून तपासणी करताना कॉलवरच्या ‘हॅजएफएनॲट्र’ला विचारावे, ते दोन्ही जागा बघते. नुसत्या घोषणेला विचारणारा पास पॉइंटरमार्फत झालेल्या कॉलवरचा ॲट्रिब्यूट हमखास चुकवतो.

ॲट्रिब्यूट दोन तऱ्हांचे. एक स्ट्रिंगचा: नाव आणि मूल्य, दोन्ही अवतरणचिन्हांत. दुसरा यादीतला: त्याला चौकटीत कायमचे नाव आणि बिटकोडमध्ये, म्हणजे आयआरच्या बायनरी रूपात, क्रमांक असतो. स्ट्रिंग ॲट्रिब्यूट घालायला एलएलव्हीएममध्ये काहीच बदलावे लागत नाही. ‘ॲडएफएनॲट्र’ला दोन स्ट्रिंग दिल्या की काम झाले, आणि बिटकोडमधून तो जसाच्या तसा ये-जा करतो. रजिस्टरे पुसण्याचे वर दिलेले उदाहरण खरे आहे. क्लँगच्या ‘एफ-झीरो-कॉल-यूज्ड-रेग्ज’ या पर्यायाने आयआरमध्ये ‘झीरो-कॉल-यूज्ड-रेग्ज’ हा स्ट्रिंग ॲट्रिब्यूटच लागतो, आणि मशीन कोडच्या टप्प्यावर तो वाचून रजिस्टरे शून्य केली जातात. ‘टार्गेट-सीपीयू’ आणि ‘टार्गेट-फीचर्स’ हेही स्ट्रिंगच आहेत. पहिला प्रयोग नेहमी स्ट्रिंगने करावा, हा सल्ला त्यामुळे कमी दर्जाची तडजोड ठरत नाही. कित्येक ॲट्रिब्यूट आयुष्यभर स्ट्रिंगच राहिले आहेत.

यादीतला ॲट्रिब्यूट हवा असतो तो मुख्यतः मधल्या पासना वारंवार आणि झटपट विचारायचा असेल तेव्हा, किंवा त्याला टाइप, संख्या अथवा मर्यादा असे ठोस मूल्य हवे असेल तेव्हा. सुरुवात ‘ॲट्रिब्यूट्स.टीडी’ या टेबलजेन फाइलमध्ये एका ओळीने होते: नाव, आयआरमधले लेखन आणि तो तीनपैकी कोणत्या जागी चालतो. २०२५ पासूनच्या आवृत्त्यांत आणखी एक गोष्ट सांगावी लागते. दोन कॉल एक केले जातात तेव्हा ॲट्रिब्यूटचे काय करायचे? दोन्हीकडे असला तरच ठेवायचा, लहान मूल्य घ्यायचे, की जुळला नाही तर कॉल एकत्रच करायचे नाहीत? मेटाडेटाच्या बाबतीत जो प्रश्न ‘कम्बाइनमेटाडेटा’त येतो, तोच इथे घोषणेच्या ओळीत उभा राहतो. ही सुधारणा चांगली म्हणायला हवी, कारण लेखकाला उत्तर टाळता येत नाही.

त्यापुढची कामे वेगवेगळ्या फाइलींत विखुरलेली आहेत. ‘एलएलव्हीएमबिटकोड्स.एच’मध्ये नवा क्रमांक घ्यावा. जुना, सुटलेला क्रमांक पुन्हा वापरू नये. बिटकोड वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या दोन्ही कोडमध्ये त्याची केस घालावी. मूल्य असलेला ॲट्रिब्यूट असेल तर मजकूर वाचणाऱ्या पार्सरमध्येही भर लागते. ‘व्हेरिफायर’मध्ये अटी लिहाव्यात: पॉइंटरसाठीचा ॲट्रिब्यूट पूर्णांकावर लावला तर तिथेच अडवले पाहिजे. ‘कोडएक्स्ट्रॅक्टर’मध्ये सगळ्या ॲट्रिब्यूटची यादी आहे. फंक्शनचा तुकडा कापून वेगळे फंक्शन करताना ॲट्रिब्यूट सोबत न्यायचा की नाही हे तिथे ठरते, आणि नवशिक्याच्या हातून सुटणारी फाइल बहुधा हीच. टेबलजेनच्या फाइलला हात लावला की तिच्यातून निघणारी हेडर बदलतात आणि जवळपास सगळा प्रकल्प पुन्हा बांधला जातो. म्हणून घोषणा एकदाच नीट विचार करून लिहावी. बिल्डमध्ये ‘एलएलव्हीएम_टार्गेट्स_टू_बिल्ड’ला एकच टार्गेट द्यावे, ‘एलएलव्हीएम_ऑप्टिमाइझ्ड_टेबलजेन’ चालू ठेवावे, आणि असर्शन तर कधीच बंद करू नयेत.

कोड लिहिताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. ‘ॲट्रिब्यूटलिस्ट’ बदलता येत नाही; भर घातली की नवी यादी परत मिळते. ती परत मिळालेली यादी फंक्शनला लावली नाही तर काहीच घडत नाही आणि कोणी तक्रारही करत नसे. आता या फंक्शनांवर ‘नोडिस्कार्ड’ असल्यामुळे कम्पायलर निदान इशारा देतो.

इनलाइन होताना फंक्शनचा ॲट्रिब्यूट कुठे जातो? आतल्या फंक्शनचे शरीर बाहेरच्यात मिसळते आणि आतल्याचे फंक्शन-ॲट्रिब्यूट त्याच्याबरोबर संपतात. हे चालणार नसेल तर ‘ॲट्रिब्यूट्स.टीडी’मध्येच नियम लिहिता येतो. ‘सॅनिटाइझ_ॲड्रेस’ दोन्हीकडे सारखा नसेल तर इनलाइन होऊच द्यायचे नाही, असा सुसंगतीचा नियम तिथे आहे. स्टॅक प्रोटेक्टरसाठी आतल्याची कडक पातळी बाहेरच्याला चढवायची, असा मिश्रणाचा नियम आहे. स्ट्रिंग ॲट्रिब्यूटसाठीही असे नियम लिहिता येतात. नियम लिहिला नाही, तर मागणी गुपचूप गळून पडते. सुरक्षेच्या ॲट्रिब्यूटसाठी ही भोकाची जागा आहे.

ॲट्रिब्यूट हे वचन असते आणि ऑप्टिमायझर ते अक्षरशः धरतो. ‘नोएलियास’ची गोष्ट या संदर्भात माहीत असावी. हा पॅरामीटर-ॲट्रिब्यूट सीमधल्या ‘रिस्ट्रिक्ट’साठी बरीच वर्षे होता, पण सीच्या कोडमध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ फार थोडा वापरला जातो. रस्टमध्ये प्रत्येक बदलता येण्याजोगा संदर्भ एकमेव असल्याची हमी भाषाच देते, म्हणून रस्ट कम्पायलरने तो जवळजवळ सर्वत्र लावला. लगेच एलएलव्हीएममधले जुने दोष उघडे पडले आणि बरोबर असलेला रस्ट कोड चुकीचा कम्पाइल होऊ लागला. रस्टला तो एकाहून अधिक वेळा बंद करून पुन्हा चालू करावा लागला, आणि एलएलव्हीएम १२ बरोबर, २०२१ च्या १.५४ आवृत्तीत, तो परत चालू झाला. ॲट्रिब्यूट चौकटीत आहे याचा अर्थ तो पुरेसा तावूनसुलाखून निघाला आहे असा होत नाही. नव्याने घातलेल्या ॲट्रिब्यूटबाबत तर हे जास्तच खरे. म्हणून तो आधी एखाद्या पर्यायामागे ठेवून मोठ्या, खऱ्या कोडवर चालवून पाहावा.

नवा ॲट्रिब्यूट घालण्याआधी असलेल्यांचा अर्थ नीट वाचणेही गरजेचे आहे, कारण ते बदलत असतात. ‘रीडनन’, ‘आर्गमेमओन्ली’ अशा सुट्या ॲट्रिब्यूटांची जागा २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत ‘मेमरी’ या एकाच ॲट्रिब्यूटने घेतली. २०२५ मध्ये ‘नोकॅप्चर’ जाऊन ‘कॅप्चर्स’ आला. दोन्ही बदलांची दिशा एकच आहे: परस्परांशी नाते असलेली पाच-सहा होय-नाही उत्तरे ठेवण्याऐवजी मूल्य असलेला एकच ॲट्रिब्यूट. आपल्यालाही एका कल्पनेसाठी तीन ॲट्रिब्यूट सुचत असतील तर तिथेच थांबून एक मूल्य असलेला एक ॲट्रिब्यूट पुरेल का, हे पाहावे.

इंट्रिन्सिक

इंट्रिन्सिक दिसायला साधा फंक्शन कॉल असतो; नाव ‘एलएलव्हीएम.’ने सुरू होते आणि अर्थ कम्पायलरला माहीत असतो. फायदा असा की त्याला न ओळखणारा पासही त्याला कॉल म्हणून नीट वागवतो. नवी सूचना घातली तर हा आधार मिळत नाही.

घोषणा ‘इंट्रिन्सिक्स.टीडी’मध्ये जाते. एकाच प्रोसेसरसाठी असेल तर ‘इंट्रिन्सिक्सएक्स८६.टीडी’सारख्या त्या-त्या फाइलमध्ये. टाइप आधीच ठरवायचा नसेल तर ‘एलएलव्हीएम_एनीइंट_टाय’ घ्यावा आणि पुढच्या पॅरामीटरांना ‘तोच टाइप’ म्हणून ‘एलएलव्हीएममॅचटाइप’ने बांधावे. मग प्रत्यक्ष टाइप नावाच्या शेपटीत येतो. याचा एक तोटा आहे. पॉइंटरांचे अंगभूत टाइप गेले तेव्हा ‘एलएलव्हीएम.मेमसीपीवाय’च्या नावातले ‘पी०आय८’ बदलून ‘पी०’ झाले आणि जुन्या फाइली वाचताना नावे बदलणारा कोड ठेवावा लागला.

सर्वांत जास्त विचार मागणारा भाग म्हणजे मेमरीवरचा परिणाम. काहीच सांगितले नाही तर इंट्रिन्सिक कुठलीही मेमरी वाचतो-लिहितो असे धरले जाते. कोड बरोबर राहतो, पण आजूबाजूची लोड-स्टोअर हलत नाहीत आणि न वापरलेला कॉल काढता येत नाही. ‘इंटरनोमेम’ लिहिले की उलटे टोक गाठले जाते: सारख्या आर्ग्युमेंटचे दोन कॉल एक होतात आणि निकाल न वापरलेला कॉल गायब होतो. घड्याळाची चक्रे मोजणाऱ्या इंट्रिन्सिकवर कोणी हे लिहिले तर आधीचा आणि नंतरचा वाचलेला आकडा एकच ठरेल, आणि कोणत्याही कामाला लागलेला वेळ शून्य येईल. जीपीयूसाठीचा बॅरिअर असेल तर ‘इंटरकन्व्हर्जंट’ हवेच. ते नसेल तर ऑप्टिमायझर बॅरिअर एखाद्या अटीच्या आत ढकलेल आणि काही थ्रेड तिथे पोहोचणारच नाहीत. आर्ग्युमेंट स्थिरांकच असायला हवे असेल तर ‘इमआर्ग’ लावावे. ‘डीफॉल्टॲट्रसइंट्रिन्सिक’ हा वर्ग घेतला तर कॉल परत येतो, मेमरी मोकळी करत नाही, इतर थ्रेडशी समन्वय साधत नाही अशी वचने आपोआप लागतात. सोय चांगली आहे, पण ती वचने आपल्या इंट्रिन्सिकला लागू आहेत ना हे वाचूनच ती घ्यावी.

कोड तयार होण्याच्या टप्प्यावर ‘सिलेक्शनडॅगबिल्डर.सीपीपी’मधल्या ‘व्हिजिटइंट्रिन्सिककॉल’मध्ये केस लागते. नवा नोड हवा असेल तर ‘आयएसडीऑपकोड्स.एच’मध्ये त्याचे नाव घालावे, आणि ज्या प्रोसेसरला तो थेट जमत नाही त्याच्यासाठी तो फोडण्याची रीतही लिहावी. एका प्रोसेसरच्या इंट्रिन्सिकला बऱ्याचदा यातले काहीच लागत नाही. त्या प्रोसेसरच्या टीडी फाइलमधला पॅटर्न पुरतो. स्थिर आर्ग्युमेंटवर निकाल आधीच काढता येत असेल तर ‘कॉन्स्टंटफोल्डिंग.सीपीपी’ला विसरू नये.

सूचना आणि टाइप

नवी सूचना म्हणजे पार्सर, बिटकोड, व्हेरिफायर, व्हिजिटर आणि प्रत्येक मोठा पास यांत बदल. २०१७ च्या एका शोधनिबंधात ‘फ्रीझ’ सूचनेची कल्पना मांडली गेली. ती प्रत्यक्षात आली २०२० च्या १० व्या आवृत्तीत. टाइपचे तर त्याहून कठीण. इंटेलच्या एमएमएक्ससाठीचा खास टाइप वापर जवळजवळ थांबल्यावरही वर्षानुवर्षे राहिला आणि २०२५ मध्ये निघाला. प्रोसेसरला अपारदर्शक वस्तू हवी असेल तर १६ व्या आवृत्तीपासून ‘टार्गेट एक्स्टेन्शन टाइप’ उपलब्ध आहे. त्यात नाव आणि पॅरामीटर देऊन काम भागते.

फ्रंटएंडकडून माहिती आणणे

आयआरमध्ये जागा केली तरी मूळ प्रोग्राममध्ये लिहिणाऱ्याला ती वापरता यायला हवी. क्लँगमध्ये सर्वांत सोपा मार्ग ‘ॲनोटेट’ हा तयार ॲट्रिब्यूट आहे. त्यात हवी ती स्ट्रिंग लिहिता येते. फंक्शन आणि ग्लोबल व्हेरिएबलच्या नोंदी ‘एलएलव्हीएम.ग्लोबल.ॲनोटेशन्स’ या ॲरेत जमतात, स्थानिक व्हेरिएबलसाठी ‘एलएलव्हीएम.व्हार.ॲनोटेशन’चा कॉल येतो. आपल्या पासने तो ॲरे वाचून त्यातून स्ट्रिंग ॲट्रिब्यूट लावावेत. क्लँगला हात न लावता संपूर्ण प्रयोग इथे पुरा होतो. स्वतःचे नाव हवेच असेल तर क्लँग प्लगइनमध्ये ‘पार्स्डॲट्रइन्फो’पासून वर्ग बनवून ते नोंदवता येते. प्लगइन लोड नसेल तर क्लँग ‘अनोळखी ॲट्रिब्यूट’ म्हणून इशारा देऊन पुढे जातो, हे लक्षात घ्यावे.

कायमचा ॲट्रिब्यूट ‘ॲट्र.टीडी’मध्ये लिहितात: लेखन, कशावर चालतो, कोणती आर्ग्युमेंट घेतो आणि दस्तऐवज. त्यानंतर ‘सेमाडेक्लॲट्र.सीपीपी’मध्ये तपासणी आणि कोडजेनमध्ये आयआरचा ॲट्रिब्यूट लावणे ही दोन कामे हाताने करायची. क्लँगचा ॲट्रिब्यूट आणि एलएलव्हीएमचा ॲट्रिब्यूट नावाने सारखे असले तरी त्यांना जोडणारा पूल आपोआप तयार होत नाही.

इंटरफेस

एलएलव्हीएमचा सी++ इंटरफेस आवृत्तीगणिक बदलतो आणि तो टिकवण्याचे वचन कोणी दिलेले नाही. सी इंटरफेस शक्यतो स्थिर ठेवला जातो. दुसऱ्या भाषेतून एलएलव्हीएम वापरणाऱ्यांनी म्हणून सी इंटरफेसवर उभे राहावे. त्यात नवे फंक्शन घालायचे तर ते सी++ वरचे पातळ आवरण असावे, ‘एलएलव्हीएम-सी’च्या हेडरमध्ये त्याची टिप्पणी असावी आणि ‘एलएलव्हीएम-सी-टेस्ट’मधून ते तपासले जावे. आत स्वतःची हुशारी नको. एकदा बाहेर पडलेले फंक्शन वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. यादीतल्या ॲट्रिब्यूटचा अंतर्गत क्रमांक कोडमध्ये कधीही ठोकून बसवू नये. तो टेबलजेनमधून येतो आणि पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो. ‘एलएलव्हीएमगेटइनमॲट्रिब्यूटकाइंडफॉरनेम’ला नाव देऊन तो दरवेळी विचारून घ्यावा.

स्वतःचा पास असेल तर तो प्लगइन म्हणून लिहावा. ‘एलएलव्हीएमगेटपासप्लगइनइन्फो’ हे फंक्शन बाहेर ठेवायचे, ‘पासबिल्डर’कडे नोंद करायची आणि ‘ऑप्ट’ला ‘लोड-पास-प्लगइन’ने फाइल द्यायची. लोड होतानाच प्लगइन कोसळत असेल तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात. एलएलव्हीएम सहसा आरटीटीआयशिवाय बांधलेले असते, म्हणून प्लगइनही तसेच बांधावे. आणि असर्शन असलेल्या बिल्डला असर्शन नसलेल्या बिल्डचे प्लगइन जोडू नये.

चाचणी आणि सुसंगतता

आजचे एलएलव्हीएम ३.० आवृत्तीपासूनचे बिटकोड वाचते. मजकुराच्या रूपातल्या आयआरला ही हमी नाही. बिटकोडच्या या हमीमुळे जुन्या ॲट्रिब्यूटचा किंवा इंट्रिन्सिकचा अर्थ बदलला तर ‘ऑटोअपग्रेड.सीपीपी’मध्ये जुन्यावरून नव्यावर नेणारा कोड लिहावाच लागतो, आणि ‘कम्पॅटिबिलिटी.एलएल’ या चाचणीत नवी भर नोंदवावी लागते.

चाचण्या ‘लिट’ आणि ‘फाइलचेक’ने लिहितात. तीन चाचण्या कधीही वगळू नयेत: ‘एलएलव्हीएम-एएस’ आणि ‘एलएलव्हीएम-डिस’मधून फेरी मारून नोंद तशीच परतते का; चुकीच्या जागी लावल्यास व्हेरिफायर अडवतो का; आणि ज्याच्यासाठी हे सगळे केले ते ऑप्टिमायझेशन घडते का, तसेच जिथे घडू नये तिथे घडत नाही ना. शेवटच्या अर्ध्या भागाची चाचणी सर्वांत कमी लिहिली जाते आणि दोष तिथेच सापडतात. ऑप्टिमायझेशन खरोखर बरोबर आहे का हे छोट्या उदाहरणांवर तपासायला ‘अलाइव्ह-२’ हे साधन आहे. मोठ्या फाइलमधला दोष लहान करायला ‘एलएलव्हीएम-रिड्यूस’ वापरावे.

बदल मूळ प्रकल्पात जावा असे वाटत असेल तर कोडच्या आधी प्रस्ताव लिहावा. त्यात ‘लँगरेफ’ या भाषासंदर्भात घालायचा परिच्छेद पूर्ण असावा: अर्थ काय, मोडल्यास पॉयझन की अनिर्धारित वर्तन, दोन नोंदी मिळताना काय करायचे. परीक्षण २०२३ पासून गिटहबवर चालते आणि परीक्षक पहिल्यांदा हाच परिच्छेद वाचतात. तो लिहिता येत नसेल तर स्ट्रिंग ॲट्रिब्यूट आणि स्वतःचे प्लगइन यांवरच थांबावे.